घरगाडीची टाकी

ही गोष्ट मी नागपूरच्या सदर बाजारात पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी लोक हसले आहेत. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका साहेबाने जुन्या बसमध्ये घर बांधलं, घरात संडास बांधला आणि बायकोला घेऊन लग्नाला निघाला. मे महिना. देवलापारच्या अलीकडे संडासाने खालून वर उलटी केली. बाईंचा शालू आणि साहेबाची अक्कल एकाच झटक्यात वाया. मग मी तोंडाने आवाज काढून दाखवतो.

हसणाऱ्यांत मीही असतो.

साहेबाची अक्कल वाया गेली, हे खोटं आहे. तिथून पुन्हा सुरू करतो.

*

साहेबांचं नाव मधुकरराव. तेहतीस वर्षं त्यांनी रेल्वेचे डबे दुरुस्त केले. त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई. बाईंना सांधेवात होता, गुडघे वाकायचेच नाहीत. उकिडवं बसणं गेलं आणि त्याच्याबरोबर बाहेर जाणंही गेलं. पाहुण्यांचं घर असो, धर्मशाळा असो, एसटी स्टँड असो, सगळीकडे उकिडवंच बसावं लागतं. धरमपेठेतल्या एका खोलीत त्यांनी सहा वर्षं काढली. खोलीत एक खुर्ची, खुर्चीखाली भांडं. त्यांच्याकडे राहणारी जयवंता ते भांडं उचलायची.

म्हणून मधुकररावांनी लिलावातली बस घेतली. दोन वर्षं खपून तिच्यात पलंग, ओटा, देवांचं फळकुट आणि बसता येईल असा उंच संडास केला. १९७६ च्या मे महिन्यात जबलपूरला बाईंच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. तिथवर बाईंना न्यायचं, एवढ्यासाठी सगळं.

मी जागेश्वर. उमरेडच्या विणकराचा मुलगा. घरात माग बंद पडला तेव्हा गॅस वेल्डिंग शिकलो आणि सदरमध्ये एका गाळ्यात दुकान टाकलं.

*

आता टाकी. ती कळली नाही तर माझी लाज कळणार नाही.

रेल्वेच्या डब्यातलं सगळं रुळांवर पडतं. मधुकररावांना ते आयुष्यभर खटकलं होतं. रस्त्यावर पडू द्यायचं नाही, म्हणून त्यांनी बसच्या पोटाखाली लोखंडी पत्र्याची टाकी टांगली. संडासाच्या भांड्याखाली एक झाकण; हाताने दांडा ओढला की ते उघडायचं, सोडला की बंद. टाकीच्या तळाला व्हॉल्व्ह. गावाबाहेर खड्डा पाहून तो उघडायचा आणि टाकी रिकामी करायची.

ओट्यावरचं भांडी घासल्याचं पाणीसुद्धा एका नळीने त्याच टाकीत जायचं. मुद्दाम. त्या पाण्याने आतलं पातळ राहतं आणि सगळं वाहून जातं. या नळीला टाकीच्या वीतभर वर एक फाटा होता, तो थेट बसच्या टपावर. टाकीत धरलेला वायू त्यातून बाहेर पडायचा.

म्हणजे टाकीला वरून दोनच भोकं. एक संडासाचं, दांडा ओढल्याशिवाय न उघडणारं. दुसरं हे नळीचं.

*

एप्रिलमध्ये मधुकरराव आणि जयवंता कन्हानपर्यंत गाडी फिरवून आले. परत आले तेव्हा टाकीच्या तळाचा जोड गळत होता. ज्याने तो केला होता तो कारागीर नागपूर सोडून गेला होता. आणखी तीन वेल्डरांनी टाकी कशाची आहे ते ऐकून हात जोडले. मग गाडी माझ्या दुकानासमोर आली.

शेजारी ताराचंदचं टायरचं दुकान. त्याने टपरीवरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "का जागेश्वरभाऊ, अब लॅट्रिन की भी डेंटिंग-पेंटिंग करोगे?"

"पाण्याची टाकी हाये," मी म्हणालो.

"हां, हां. पाणीच. पिवळं असंल."

मी बसच्या बाजूने ताडपत्री सोडली. मधुकररावांना सांगितलं, टाकी आधी धुऊन मिळाली तरच हात लावीन.

धुवायला धोंडबाला बोलावलं. सदरच्या मागच्या गल्ल्यांमध्ये टोपलीचे संडास होते. तिथलं काम तो करायचा. त्याआधी बारा वर्षं त्याने सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांच्या सेप्टिक टाक्या उपसल्या होत्या. वयाने माझ्या बापापेक्षा मोठा. मी त्याला धोंड्या म्हणायचो. सगळेच म्हणायचे, असं लिहिणार होतो. पण मधुकरराव नव्हते म्हणत.

त्याने टाकी उतरवली, वाळू आणि चुन्याने आतून घासली. तार घालून नळ्या मोकळ्या केल्या. अर्धा दिवस गेला. मी तोवर लांब उभा राहून विडी ओढली. मग तळाचा जोड जाळून, म्हणजे वेल्ड करून, नवा केला. ते काम मी चांगलं केलं. तो जोड कधी गळला नाही.

आणि मग मला ती ओट्यावरची नळी दिसली.

*

बाई तिथे तांदूळ धुणार. देवांची भांडी घासणार. ते पाणी संडासाच्या टाकीत. मला किळस आली. आमच्या घरी संडासाकडे जायची चप्पलसुद्धा वेगळी होती. माझी आई, रंभाबाई, ती चप्पल अंगणात दिसली तरी पाणी शिंपडायची. मी खडू घेतला आणि त्या फाट्याच्या खाली नळीवर खूण केली.

"हे काहून कापून राह्यला भाऊ?" धोंडबाने विचारलं.

"सयपाकघराचं पाणी संडासात जाते. दिसत नाही काय तुले?"

"जाऊ दे ना मंग. खालीच तं जाते. वर थोडीच येते?"

"देवाचे भांडे घासन बाई तिथं."

"देवाले काही नाही होत भाऊ. पण टाकीले नाक लागते. म्या टाक्या उपसल्या हायेत, मले माईत हाये. हे बुजोलं तं उन्हात फुगंन थे."

"तुले वेल्डिंग येते?"

"नाही येत."

"मंग सरक तिकडं."

तो सरकला. पाण्याच्या बादलीशी जाऊन हात धुवायला लागला, खूप वेळ धूत राहिला.

मी नळी कापली. टाकीच्या भोकावर पत्र्याची चकती ठेवून चारी बाजूंनी पक्की जाळली. ओट्याचं पाणी दुसऱ्या नळीने मागच्या चाकाजवळ जमिनीवर सोडून दिलं. मधुकररावांच्या कमरेला पट्टा असायचा, ते खाली वाकून पाहू शकत नव्हते. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं आणि किळस आली, असं सांगावं लागलं असतं. शिवाय मला वाटत होतं, आपण बाईंवर उपकार केले. असे उपकार न सांगता करायचे असतात.

त्या संध्याकाळी मी दोनदा आंघोळ केली. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलं बाप्पा."

*

लग्नाला निघाले त्या दिवसाबद्दल जयवंताने नंतर सांगितलं, ते असं:

बाई शालू घरूनच नेसल्या. सहा वर्षं पेटीत होता, त्यांना धीर नव्हता. खिडकीशी बसून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या. कामठी. कन्हान. मनसर. जयवंता म्हणाली, अवं बाई, मले वाचता येत नाही म्हणून सांगून राह्यल्या काय, तर बाई म्हणाल्या, मी माह्यासाठी वाचून राह्यली.

आदल्या दिवसापासून संडास वापरात होता. टाकीत भर होती, पाणी नव्हतं. ऊन असं की बसचा पत्रा बाहेरून हाताला चटका द्यायचा.

देवलापारच्या अलीकडे बाई आत गेल्या. बसल्या बसल्याच दांडा ओढला.

आवाज समोर गाडी चालवणाऱ्या मधुकररावांपर्यंत गेला. त्यांनी गाडी थांबवली. बाई ओरडल्या नाहीत. दाराआडून एवढंच म्हणाल्या, "जयवंता, तू ये. ह्यांले नको येऊ देऊ."

गाडी तिथूनच परत फिरली.

*

दोन दिवसांनी मधुकरराव माझ्या दुकानात आले. हातात टाकीचं चित्र काढलेला कागद.

"माझंच चुकलं जागेश्वर. हवेचं गणित चुकलं कुठेतरी."

मी काळा चष्मा पुसायला घेतला.

"फाटा अर्ध्या इंचाने मोठा हवा होता का?"

मी दुसरी काच पुसली.

"तू टाकी उतरवलेली पाहिली होतीस. तुला काही वावगं दिसलं होतं?"

इथे मी बोलायला हवं होतं. मी बोललोही. मी म्हणालो, "धोंड्यानं नीट धुतली नसंल साहेब. काही अडकलं असंल नळीत."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांनी धोंडबाला माझ्या दुकानामागच्या गल्लीत गाठलं. मधुकरराव एरवी कोणावर आवाज चढवणारे नव्हते; त्या दिवशी चढवला, म्हणून सगळ्या गल्लीने ऐकलं. माझी बायको घाणीत न्हाऊन निघाली, असं ते म्हणाले. तुला एक नळी साफ करता येत नाही, असं म्हणाले. बारा वर्षं काय केलंस, असंही.

मी दुकानात होतो. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि समोर जाळायला काहीच नव्हतं.

धोंडबा एवढंच म्हणाला, "होय साहेब. असंल." मग त्याने माझ्या दुकानाकडे पाहिलं. टोपली उचलली आणि गेला.

ताराचंद टायरवर बसून दात कोरत होता. "चलो," तो म्हणाला, "चोर सापडला."

*

आठवड्याने मधुकररावांचा निरोप आला: संडास कापून काढायचा आहे, मग गाडी विकायची.

हातगाडीवर सिलिंडर घालून मी धरमपेठेत गेलो. बस अंगणात उभी होती. अंगणाच्या बाजूला खिडकी आणि खिडकीत बाई. त्या सहा वर्षांच्या खुर्चीवर.

"कापल्यावर भोक राहीन ना गा तिथं?" त्यांनी विचारलं.

"पत्रा मारतो बाई."

"मार." मग त्या म्हणाल्या, "कन्हानचा पूल पाह्यला मी. पाणी नव्हतं, वाळूच होती सारी. तरी पाह्यला." आणि हसल्या. "अन् तुले सांगू काय, त्या दिवशी पोटभर पाणी पेली. गाडीत सोय हाये म्हणून. नाही तं मी मोजून घोट घेतो. जयवंताले कितीदा उठवायचं?"

मी ज्योत पेटवली होती. ती विझवली.

"बाई, टाकीचं भोक म्या बुजोलं."

"कोणतं भोक?"

सगळं सांगितलं. नळी, खडू, चकती. धोंडबाने काय म्हटलं आणि मी त्याला काय म्हटलं. साहेबांना काय सांगितलं. सांगताना मी खिडकीच्या गजांकडे पाहत होतो.

"पण काहून गा?" त्यांना खरंच कळत नव्हतं. "तुह्याशी आमचं काही वाकडं होतं काय?"

"नाही बाई. देवाचे भांडे... ते पाणी संडासात... मले बरं नाही वाटलं."

बाईंनी मान वळवून खोलीत पाहिलं.

"इकडं पाय. ह्या कोनाड्यात माहे देव. हे माहं ताट. अन् ह्या खुर्चीखाली काय हाये, ते तुले माईत हाये. जयवंता एक नेते, हात धुते, दुसरं आणते. सहा वर्सं झाले. माह्या देवाची फिकीर तुले कोणं करायले लावली? मले एकदा विचारलं असतं तं?"

मी सिलिंडरचा कॉक बंद केला.

"धोंडबाले ह्यांनी गल्लीत काय काय म्हटलं, माईत हाये ना?"

"माईत हाये."

"तू कुठी होता?"

"दुकानात."

बाईंनी मधुकररावांना हाक मारली. मला तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं.

मधुकरराव पायरीवर बसले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "फाट्याच्या वर कापलंस की खाली?"

"खाली."

"म्हणजे गणित बरोबर होतं." त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग उतरला. ते उठले, पायांत चपला सरकवल्या आणि फाटकाबाहेर गेले. कुठे चालले ते मला कळलं. मीही यायला हवं होतं. मी सिलिंडरची नळी गुंडाळत बसलो.

तासाभराने धोंडबा त्यांच्याबरोबर आला. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. संडास आता कापायचा नाही, नळी पुन्हा जोडायची, एवढं कळलं.

*

"मी नाही शिरत खाली," धोंडबा म्हणाला. माझ्याकडे न पाहता, मधुकररावांना. "यानं बुजोलं. यानंच खोलावं."

जयवंताने त्याला खिडकीपाशी खुर्ची आणून दिली. मी बसखाली शिरलो.

टाकी तशीच भरलेली होती. पाणी नसल्यामुळे आतलं सगळं घट्ट झालं होतं आणि व्हॉल्व्ह अडकला होता. वरून धोंडबाचा आवाज येत होता. गल्लीत तो कधी अशा आवाजात बोलत नसे.

"समोर नको राहू. बाजूले हो."

"होतो."

"अजून हो."

मी पाना मारला. मी पुरेसा बाजूला झालो नव्हतो.

कोणी हसलं नाही. ताराचंदसुद्धा हसला असता तर बरं वाटलं असतं. कोपरापासून गळ्यापर्यंत मी भरलो होतो. खिडकीतून बाईंचा आवाज आला, "जयवंता, पाणी तापव वं." आणि धोंडबाचा, "घाई नका करू बाई. अजून तीनदा तरी होईन त्याचं."

चारदा झालं. व्हॉल्व्ह मोकळा करायला हात खांद्यापर्यंत आत घालावा लागला. माझ्या मनात सारखं येत होतं, हा माणूस हे रोज करतो; आणि लगेच दुसरं येत होतं, आज घरी आईला काय सांगू? हे दुसरंच जास्त जोरात येत होतं.

रिकामी झाल्यावर मी लगेच ज्योत पेटवायला गेलो.

"थांब!" धोंडबा खुर्चीवरून उठला होता. "आत वायू असंल. आधी पाण्यानं भर, पार वरपर्यंत. मंग आग दाखव. नाही तं तुह्या आईले मीच निरोप द्यायचा काय?"

मी पाणी भरलं. चकती कापली, नळी जशी होती तशी जोडली. धोंडबाने टपावर नळीच्या तोंडाशी जळती उदबत्ती धरायला सांगितली आणि खालून टाकीत पाणी ओतायला लावलं. उदबत्तीचा धूर हलला. हवा बाहेर येत होती.

हे काम दोन दिवस चाललं. तेवढ्या वेळात मी त्याच्याशी "पाना द्या", "पाणी ओतू काय" एवढंच बोललो. माफीचे शब्द मी बसखाली पडल्या पडल्या जुळवायचो. बाहेर आलो की तो समोर असायचा.

*

हे सगळं झाल्यावरही सदरमध्ये मी ही गोष्ट हसवायची तशीच सांगतो. तिच्यात धोंडबा नसतो. वर लिहिलेलं मी कोणाला वाचून दाखवलेलं नाही.

आता राहिलं कन्हान.

*

गाडी तयार झाली. कन्हानपर्यंत फिरवून पाहायची होती, पण बाई पायरीवर थांबल्या. दोन्ही बाजूंनी मधुकरराव आणि जयवंता त्यांना धरून होते.

"मी आत नाही जात त्या खोलीत. आधी हा जाईन."

"कोण बाई?" मी विचारलं.

"तू. चालत्या गाडीत. बसायचं अन् दांडा ओढायचा. मंग मी."

मधुकररावांनी गाडी सुरू केली. शेजारच्या सीटवर त्यांनी धोंडबाला बसवलं होतं. बाई खिडकीशी. जयवंता ओट्याशी भांडी घासत होती, त्याचं पाणी खाली जात होतं. आणि मी त्या प्लायवूडच्या खोलीत. दार इतकं पातळ की जयवंताच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

कामठी गेलं.

"झालं काय गा?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई."

"काहून?"

"तुम्ही ऐकून राह्यल्या."

जयवंता फसकन हसली. बाई म्हणाल्या, "बरं, आमी बोलतो," आणि जयवंताला मोठमोठ्याने पाट्या वाचून दाखवायला लागल्या.

ऊन तसंच होतं. खाली टाकी, मध्ये एक झाकण, वर मी. मला खरोखर भीती वाटत होती. दांड्यावर हात ठेवला आणि मनात आलं, बाईंनी हा अगदी निर्धास्त ओढला होता.

ओढला.

झाकण उघडलं. सगळं खाली गेलं. वर काहीच आलं नाही. टपाच्या बाजूला थोडी हवा सुटल्यासारखा आवाज झाला, एवढंच.

"झालं बाई."

"आलं काही वर?"

"नाही."

"मंग ये बाहेर."

मी उठलो, कपडे सारखे केले, पण कडी काढली नाही. इथे कोणाचं तोंड दिसत नव्हतं आणि माझंही कोणाला दिसत नव्हतं. दोन दिवस जुळवलेले शब्द इथे जागेवर आले.

"धोंडबाजी," मी दाराला तोंड लावून म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं म्हटलं. "चूक माही होती. तुम्ही सांगतलं होतं. म्या ऐकलं नाही. अन् मंग तुमचंच नाव घेतलं."

इंजिनाची घरघर.

"त्याले ऐकू नाही आलं," बाहेरून बाई म्हणाल्या. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने.

"नाहीच आलं. समोर बसला हाये तो. बाहेर येऊन सांग."

"कन्हान आलं की सांगतो बाई."

"आलं कन्हान."

गाडी थांबली. मधुकररावांनी इंजिन बंद केलं आणि एकदम सगळं शांत झालं. पुढे कोणीतरी घसा साफ केला. तो धोंडबा होता. आता दाराआडून हळूच बोललो असतो तरी त्याला ऐकू गेलं असतं.

मी बोललो नाही. घाम पुसला.

"कडी काढ गा," बाई म्हणाल्या.

मी कडी काढली.